मुतखड्याचा पाठपुरावा : सोनोग्राफी की सीटी?

मुतखड्याची कळ ज्याला एकदा येऊन गेली आहे, त्याची खडा पडला तरी सुटका होत नाही. खडा सरकला की तिथेच अडून आहे, किडनीची सूज उतरली की वाढली, दुसऱ्या बाजूला नवा खडा धरतो आहे का, हे पाहण्यासाठी दर काही महिन्यांनी पोटाचे चित्र काढावे लागते. ते सोनोग्राफीने काढावे की सीटी स्कॅनने, हे ठरते डॉक्टरांच्या चिठ्ठीवर; पण रुग्णाने दोन शब्द विचारले तर चिठ्ठी बदलते, असा माझा अनुभव आहे. सांगली-मिरजेत दोन्ही सोयी एकाच रस्त्यावर दोन-चार दारांच्या अंतराने मिळतात, त्यामुळे निवड करण्याची वेळ खरोखरच येते. मी डॉक्टर नाही, हे आधीच सांगतो. पलूसकडच्या एका साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत केमिस्ट आहे. गळीत हंगामात पॅनच्या मजल्यावर घाम गाळायचा आणि पाण्याऐवजी चहावर दिवस काढायचा, या सवयीचे फळ म्हणून गेल्या सहा वर्षांत मी या दोन्ही तपासण्या पुरेशा वेळा करून घेतल्या आहेत.

प्रथम सीटीची बाजू मांडतो, कारण ती भक्कम आहे. कॉन्ट्रास्टशिवाय, म्हणजे चित्र उठून दिसण्यासाठी शिरेतून द्यायचे औषध न देता, केलेल्या साध्या सीटीत जवळजवळ कोणताही खडा लपून राहत नाही. मूत्रवाहिनीच्या मधल्या भागातला, आतड्यांच्या गॅसमागे दडलेला तीन मिलिमीटरचा खडासुद्धा पांढऱ्या ठिपक्यासारखा स्पष्ट दिसतो. शिवाय त्याचा कठीणपणा अंकांत मिळतो. सीटीचे जनक गॉडफ्रे हाउन्सफिल्ड यांच्या नावाने ओळखली जाणारी ही मोजपट्टी आहे. तीत पाणी शून्यावर आणि हवा उणे 1000 वर धरली जाते. दिवसभर उसाच्या रसाचा ब्रिक्स, म्हणजे त्यात विरघळलेल्या घटकांचे प्रमाण, मोजणाऱ्या माणसाला असली मोजपट्टी आपोआपच आवडते. खडा 1000 च्या वर गेला तर बाहेरून धक्के देऊन तो फोडणे अवघड जाते, आणि बराच खाली, 500 च्या आत असेल तर तो युरिक ॲसिडचा असण्याची शक्यता धरून औषधाने विरघळवण्याचा विचार करता येतो. हे सोनोग्राफी सांगू शकत नाही. सोनोग्राफीत लहान खड्याचे माप अनेकदा प्रत्यक्षापेक्षा मोठे येते. माझा चार मिलिमीटरचा खडा एकदा साडेसहाचा झाला होता आणि घरात दोन दिवस ऑपरेशनच्या गोष्टी चालल्या होत्या.

सोनोग्राफीचा जाचही मी कमी लेखणार नाही. ‘लघवी भरून या’ हे तीन शब्द लिहायला सोपे असतात. घरून एक लिटर पाणी पिऊन मोटारसायकलवर निघालो, नांद्रे मागे पडले आणि रस्त्यातला प्रत्येक खड्डा मला स्वतंत्रपणे कळू लागला. केंद्रावर माझ्या आधी अकरा जण होते. नंबर येईपर्यंत जे सहन केले त्याचे वर्णन करत नाही. एकदा तर धीर सुटला, जाऊन आलो, आणि पुन्हा पाणी पिऊन पाऊण तास बाकावर बसलो. सीटीत हा छळ नाही. आडवे व्हावे, श्वास धरावा, पाच मिनिटांत उठावे. पैशांचा फरक मात्र उलट दिशेने आहे. मला सोनोग्राफीला साधारण हजार रुपये पडत आले आहेत आणि सीटीला त्याच्या चौपट.

त्या भरलेल्या मूत्राशयाचे कारण कळल्यापासून माझा राग थोडा निवळला. तिसऱ्या की चौथ्या वेळी रेडिओलॉजिस्ट डॉक्टरांनी पडदा माझ्याकडे वळवला आणि डॉप्लर, म्हणजे वाहता द्रव रंगात दाखवणारी सोय, लावून मूत्राशयाच्या तळाशी बोट दाखवले. डावीकडून दर काही सेकंदांनी एक रंगीत चिळकांडी उडत होती. उजवीकडे काहीच नव्हते. डावी किडनी लघवी खाली सोडते आहे, उजवीकडची वाट अडली आहे, इतका सरळ त्याचा अर्थ होता. पंधरा दिवसांनी पुन्हा गेलो तेव्हा उजवीकडूनही चिळकांडी उडाली आणि डॉक्टर माझ्या आधी हसले. सीटी हे त्या क्षणाचे स्थिर चित्र असते; त्यात वाहती लघवी अशी दिसत नाही.

आपल्याकडे सोनोग्राफीला आणखी एक गोष्ट अनुकूल आहे, जिच्याकडे सहसा लक्ष जात नाही. ‘येथे गर्भलिंगनिदान केले जात नाही’ ही पाटी मुतखड्याच्या पुरुष रुग्णालाही वाचावीच लागते, कारण 1994 च्या कायद्यामुळे प्रत्येक यंत्राची नोंदणी असते आणि ते नोंदणीकृत, पात्र डॉक्टरच हाताळतात. परदेशात अनेक ठिकाणी तंत्रज्ञ तपासणी करतो आणि डॉक्टर नंतर चित्रे पाहतात. इथे डॉक्टर स्वतः शेजारी बसलेले असतात, तेव्हा ‘मागच्या वेळी किडनीच्या खालच्या कप्प्यात होता, तो खडा आता कुठे आहे?’ असे विचारता येते आणि उत्तर तिथल्या तिथे मिळते. सीटीच्या खोलीत काचेपलीकडच्या तंत्रज्ञाला असे काही विचारून उपयोग नसतो.

आता किरणांचा मुद्दा. भीती घालण्याचा माझा हेतू नाही, पण आकडे माहीत असावेत. निसर्गातूनच माणसाला वर्षाला सरासरी 2.4 मिलिसिव्हर्ट (किरणमात्रा मोजण्याचे एकक) किरणोत्सर्ग मिळतो. पोट आणि ओटीपोटाच्या नेहमीच्या सीटीत 8 ते 10 मिलिसिव्हर्ट मिळतात. खड्यासाठी कमी मात्रेत केलेल्या सीटीत 3 च्या आसपास किंवा त्याहूनही कमी. सोनोग्राफीत शून्य, कारण तिथे नुसता ध्वनी असतो. अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेने 2006 साली मांडलेल्या अंदाजानुसार 10 मिलिसिव्हर्टच्या एका मात्रेमुळे हजारातील सुमारे एका माणसाला आयुष्यात कधीतरी कर्करोग होण्याचा संभव वाढतो. त्याच हजारांपैकी चारशेवीस जणांना इतर कारणांनी तो होणारच असतो, असेही तो अहवाल सांगतो, आणि हे वाक्य बहुतेक जण गाळतात. हा हिशेब मुख्यतः हिरोशिमा-नागासाकीतून वाचलेल्या लोकांच्या 1950 पासूनच्या नोंदींवर बेतलेला आहे. तिथल्या मोठ्या मात्रेवरून आपल्या लहान मात्रेपर्यंत सरळ रेषा ओढत येणे कितपत बरोबर, यावर तज्ज्ञांत आजही मतभेद आहेत. केरळच्या करुनागपल्ली किनाऱ्यावर मोनाझाइट या किरणोत्सर्गी खनिजाच्या वाळूमुळे नैसर्गिक किरणोत्सर्ग कितीतरी जास्त आहे, आणि तिथल्या रहिवाशांच्या दीर्घ पाहणीत कर्करोगाचे प्रमाण वाढलेले आढळले नाही. म्हणून कळ असह्य असताना मध्यरात्री डॉक्टरांनी सीटी सांगितली, तर मी आजही एका शब्दाने हरकत घेणार नाही. एका स्कॅनचे ओझे फार नाही.

माझे मत फिरले ते दुसऱ्या आणि तिसऱ्या स्कॅनमुळे. पहिली सीटी रात्री अडीच वाजता झाली. तिच्याबद्दल तक्रार नाही. चार महिन्यांनी भावाकडे परगावी असताना पुन्हा कळ आली. पहिल्या स्कॅनची सीडी पिशवीत होती. तिथल्या डॉक्टरांच्या संगणकाला सीडी घालायची सोयच नव्हती, आणि फिल्म म्हणाल तर ती गाडीच्या डॅशबोर्डवर उन्हात राहून काळवंडलेली. तो दोष माझा. ‘नवीनच काढू’ असे ठरले, आणि नवीन काढताना साध्या स्कॅनबरोबर कॉन्ट्रास्टचेही दोन फेरे झाले. केवळ खडा पाहायचा असेल तर साधे पुरते, हे मला नंतर कळले. सात महिन्यांनी दुर्बिणीतून खडा काढायचे ठरले, तेव्हा शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांच्या मदतनिसाने दुसरी सीडी घातली. यंत्र बराच वेळ गुरगुरले आणि पडद्यावर रिकामी चौकट आली. माझ्या हातात रिपोर्टचा कागद होता, त्यावर खड्याची जागा, माप, अंक सगळे लिहिलेले होते. पण चित्र उघडत नाही म्हणून पुन्हा स्कॅन. चिडून उपयोग नव्हता, मी जाऊन झोपलो.

घरी आल्यावर भाच्याने तिन्ही सीड्या त्याच्या जुन्या संगणकावर उघडून दाखवल्या. तिन्ही उघडल्या! प्रत्येकीत शेवटी एक साधे, राखाडी पान होते, ज्यावर ‘डीएलपी’ या नावाने मात्रेचा आकडा छापलेला होता. पोटासाठी त्या आकड्याला 0.015 ने गुणले की ढोबळ मिलिसिव्हर्ट मिळतात. पहिल्याचा 498, म्हणजे साडेसात. दुसऱ्याचा 1215, म्हणजे अठरा. तिसऱ्याचा 540, म्हणजे आठ. अकरा महिन्यांत चौतीस, म्हणजे निसर्गाकडून चौदा वर्षांत जे मिळाले असते ते. आणि त्यातले सव्वीस निव्वळ सीडी न उघडल्यामुळे. कारखान्यात एखादा नमुना हरवला म्हणून आम्ही पुन्हा विश्लेषण करतो तेव्हा वाया जातात दोन रसायने आणि अर्धा तास. इथे नमुना मी होतो. सोनोग्राफीची पुनरावृत्तीही होतेच, किंबहुना जास्त होते, पण तिने माझ्या खात्यावर काही जमा होत नाही. तराजू तिथे झुकला.

सोनोग्राफीपासून सुरुवात केल्याने रुग्णाचे नुकसान होते का, ही शंका रास्त आहे, आणि तिचे उत्तर शोधले गेले आहे. अमेरिकेतील 15 रुग्णालयांच्या तातडीच्या विभागांत खड्याचा संशय असलेल्या 2,759 रुग्णांचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे गट पाडून काहींची आधी सोनोग्राफी, काहींची आधी सीटी करण्यात आली. निष्कर्ष 2014 साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये आले. खडा अचूक पकडण्यात सीटी स्पष्टपणे पुढे होती. तरीही गंभीर निदान हुकणे, वेदना, पुन्हा दवाखान्यात यावे लागणे, दाखल व्हावे लागणे, यांत दोन्हीकडे म्हणण्यासारखा फरक निघाला नाही, आणि सहा महिन्यांतील एकूण किरणमात्रा सोनोग्राफीच्या गटांत कमी राहिली. सोनोग्राफीपासून सुरुवात केलेल्यांपैकी बऱ्याच जणांना पुढे सीटी लागली, हेही खरे. पण सगळ्यांना लागली नाही.

मुलांच्या बाबतीत मात्र मी एवढा सावध राहून बोलणार नाही. पुतण्याला तेराव्या वर्षी खडा झाला तेव्हा भावाला मी फोनवर एवढेच म्हणालो, ‘दादा, आधी सोनोग्राफी, आणि त्यात दिसले नाही तरच पुढचे.’ लहान वयात पेशी झपाट्याने वाढत असतात आणि पुढे आयुष्यही मोठे असते. युरोपातील नऊ देशांत बालपणी किंवा तरुणपणी सीटी झालेल्या जवळजवळ साडेनऊ लाख लोकांचा मागोवा घेतलेले संशोधन 2023 साली प्रसिद्ध झाले. आज सीटी होणाऱ्या दर दहा हजार मुलांमागे पुढच्या बारा वर्षांत एक ते दोघांना त्या मात्रेमुळे रक्ताचा कर्करोग होऊ शकतो, असा त्याचा अंदाज आहे. प्रमाण लहान आहे, पण जेल लावून दहा मिनिटांत काम होत असेल तर ते पत्करायचे कशासाठी? पुतण्याचा खडा सोनोग्राफीतच दिसला आणि आठवड्याभरात पडला.

सीटी कधी करावी, हे माझ्यापुरते असे ठरले आहे. ताप आणि थंडी वाजून कळ आली, किडनी एकच असली, सोनोग्राफीत सूज दिसते पण खडा दिसत नाही, किंवा शस्त्रक्रिया ठरली आहे, यांपैकी काही असेल तर घासाघीस न करता सीटी. तेव्हाही ‘फक्त साधी, कमी मात्रेची चालेल का?’ एवढे विचारतो. तंत्रज्ञ बहुधा डॉक्टरांना फोन करून पाहतो आणि बहुधा चालते. बाकी पाठपुराव्यासाठी सोनोग्राफी, शक्यतो त्याच केंद्रात आणि त्याच डॉक्टरांकडे, कारण सोनोग्राफी ही पाहणाऱ्याच्या हातावर फार अवलंबून असते आणि ज्या हाताने मागचा खडा मोजला त्याच हाताने आजचा मोजलेला बरा. एक्स-रेही मधूनमधून उपयोगी पडतो, मात्रा सीटीच्या मानाने थोडीच असते; पण युरिक ॲसिडचा खडा त्यात दिसत नाही, म्हणून त्यावर विसंबत नाही.

तिन्ही सीटींची चित्रे भाच्याने पेन ड्राइव्हवर उतरवून दिली आहेत. तो पेन ड्राइव्ह मोटारसायकलच्या किल्लीला अडकवलेला असतो, आणि मागच्या वर्षी एका नव्या डॉक्टरांनी सीटीचे नाव काढल्यावर मी तो टेबलावर ठेवला. त्यांनी तो लावला, दोन मिनिटे चित्रे वरखाली केली आणि चिठ्ठीवरचा ‘सीटी’ खोडून ‘सोनो’ लिहिले. घरून निघताना मी आता अर्धाच लिटर पितो. उरलेले पाणी केंद्रावर जाऊन, पुढे किती नंबर आहेत ते मोजून.