चादर काचेत, आवाज मोकाट

क्लबचं नाव लिहीत नाही. मालक ओळखीतले निघाले, शिवाय सोलापुरात नाव न घेता सांगितलं तरी चार दिवसांत सगळ्यांना कळतंच. टिळक चौकाकडून पूर्व भागाकडे जाताना एका गल्लीत काळ्या दगडाची दुमजली इमारत आहे. तिथं हल्ली रात्री जांभळा दिवा लागतो. तोच क्लब.

माझा धंदा साऊंडचा. बावीस वर्षं झाली. लग्न, बारसं, जयंती, गणपती, गड्ड्याच्या यात्रेत पाळणेवाल्याचा माईक, सगळं केलंय. त्यामुळं क्लबात जाऊन मी नाचलो का, हे विचारू नका. मी आधी वर बघतो, स्पीकर कुठं टांगलेत ते. पुण्याहून मेहुणा आला होता, बरोबर त्याचा ऑफिसातला मित्र. म्हणाला, "दाजी, सोलापुरात असलं काही निघेल असं वाटलं नव्हतं. चला की." बायकोही तयार झाली. दारावर कळलं की नुसत्या पोरांना शनिवारी आत घेत नाहीत. आमच्यात एक बाई होती म्हणून चौघांना 'फॅमिली' धरून सोडलं. मेहुण्याचा मित्र २४ वर्षांचा. त्याचं कार्ड बघून हातावर वेगळा शिक्का मारला, म्हणजे बिअर चालेल, व्हिस्की नाही. आपल्याकडं बिअरला २१ आणि कडक दारूला २५ असा कायदा आहे. तो पाळणारं ठिकाण मी फार कमी पाहिलंय, म्हणून हे आधी लिहिलं.

उंबरा ओलांडला आणि बायको म्हणाली, "अहो, हे तर तुमचं गोदाम!"

खरंच होतं. एकोणिसाव्या वर्षी मी ज्या मंडपवाल्याकडं कामाला लागलो, त्याचं गोदाम हेच. आत खांब, कनाती, सतरंज्या, पडद्यांचे गठ्ठे आणि एका कोपऱ्यात आमचे कर्णे. ॲम्प्लिफायर उघडून बसायला मी इथंच शिकलो. त्याआधी ही सुताची वखार होती, असं आमचे मालक सांगायचे. सोलापूरला रेल्वे आली १८६० साली, जुनी मिल उभी राहिली १८७७ साली, आणि मग पेठापेठांतून सुताचे गठ्ठे ठेवायला अशा वखारी झाल्या. मधे पंधरा-वीस वर्षं ही इमारत कुलपात पडून होती. माळवदावर पिंपळ उगवला होता.

आता डागडुजी. इथं मात्र पैकीच्या पैकी गुण. नव्या लोकांना जुनी इमारत मिळाली की ते पहिल्यांदा काय करतात, तर दगडावर सिमेंट मारतात. दगड आणि चुन्याची भिंत ओल घेते आणि सोडते. वरून सिमेंटचं झाकण बसलं की ओल आत कोंडते आणि मग पोपडे. इथं तसं केलेलं नाही. सांधे चुन्यानं भरलेत, गिलावाही चुन्याचा. मी हात लावून पाहिलं. बाहेर रात्री आठला एप्रिलची गरम हवा अंगाला लागत होती आणि इथं तळवा भिंतीला टेकवला तर माठाला हात लावल्यासारखं वाटलं. पांढरं हाताला लागलं नाही, म्हणजे घोटाई नीट झालीय. फरशी जुनी शाहाबादीच आहे. वरचा भाग झिजून गुळगुळीत झाला होता, म्हणून बऱ्याच फरश्या उलट्या करून बसवल्यात. दारापासून मधल्या खांबापर्यंतच्या चार-पाच फरश्या मात्र तशाच ठेवल्यात. त्यांच्यावर हातगाडीच्या लोखंडी चाकानं पडलेली बोटभर रुंद चाकोरी आहे. ती गाडी मी ढकललेली आहे. तुळईला जे लोखंडी कडं आहे, त्याला म्हणे सूत तोलायचा काटा असायचा. आमच्या काळात त्याला घासलेटचा कंदील असायचा, आता पितळी दिवा आहे. ज्यानं कुणी हे काम केलंय त्यानं घाई केलेली नाही.

एकच जागा सुटली. स्वच्छतागृहाकडं जाताना डाव्या हाताला कमरेएवढ्या उंचीवर सिमेंटचा पट्टा आहे, बहुधा नळाची पाइपलाइन बुजवताना मारलेला. त्याच्या वरच्या कडेला आत्ताच लोणा फुटलाय. नखानं खरवडलं तर पांढरी पूड पडते. दोन पावसाळे थांबा, तो भाग गळून पडेल. स्वच्छतागृहाबद्दल बायकोचा अहवाल असा: स्वच्छ, कडी लागते, पर्स अडकवायला हूक आहे. "एवढं असलं की बाकी माफ," असं ती म्हणाली. मी तेवढा उदार नाही.

कारण आवाज.

आठ वाजता हॉल जवळजवळ रिकामा होता. मी मधोमध उभा राहून एक टाळी वाजवली. टाळी वाजून थांबायला पाहिजे. ही समोरच्या भिंतीवरून मागच्या भिंतीवर, तिथून परत, अशी टर्र करत बराच वेळ फिरत राहिली. दगड, घोटलेला चुना, शाहाबादी, सगळं टणक. आवाज पिऊन टाकणारं काहीच नाही. त्यात डीजेनं सुरू केलं. झांज वाजली की काच फुटल्यासारखी, गाण्याचे शब्द एकमेकांत कालवलेले, आणि वेटरला "पाणी" सांगायला दोनदा ओरडावं लागलं.

बेसचं दुखणं वेगळं. हॉलची रुंदी पावलांनी मोजली, साधारण २३ फूट. आता पन्नास हर्ट्झचा जो 'धप्' असतो, त्याची हवेतली एक लाट जवळपास तेवढीच लांब असते. अशा समोरासमोरच्या भिंतींमध्ये तो सूर अडकून बसतो. भिंतीला चिकटून उभे राहा, बेस छातीवर बसतो. हॉलच्या मधोमध, तेच. पण भिंतीपासून सहा फुटांवर आलात की बेस गायब. मी हातात सोडा घेऊन या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत दोनदा हळूहळू चाललो, मान तिरकी करून, कान लावून. मेहुण्यानं व्हिडिओ काढला. त्याला वाटलं दाजी नाचायला लागले.

स्पीकर स्वस्तातले नाहीत, हे सांगायला पाहिजे. चांगले परदेशी आहेत, नीट टांगलेत. पण खोलीकडं न बघता टांगलेत. आणि मला राहून राहून आठवत होतं की याच खोलीत आम्ही कर्णे तपासायचो तेव्हा आवाज कसा बसका, मऊ यायचा. कोपऱ्यात कितीही ओरडलं तरी दारातल्या माणसाला कळायचं नाही. आमचे मालक वैतागायचे, "मला हाका मारू नका बे, इथपर्यंत चालत येऊन बोला." तेव्हा छतापर्यंत कापड भरलेलं होतं. त्याच्या आधी सूत होतं. ही खोली रिकामी ठेवायला कुणी बांधलीच नव्हती.

आणि त्या भिंतीवर काय लावलंय? सोलापुरी चादर. खरी, जाड, मोराच्या नक्षीची, हातमागावरची असावी. लाकडी चौकटीत, काचेच्या आत. अशा पाच. खाली छोटी पितळी पाटी, दिवा सोडलेला. दिसायला सुंदर, खोटं कशाला बोलू. पण कापड भिंतीवर आहे आणि त्याच्यावर काच आहे, म्हणजे आवाज पिणारी एकमेव वस्तू त्यांनी आवाज फेकणाऱ्या वस्तूच्या आड कोंडलीय. मंगल कार्यालयात आवाज फार घुमला की आम्ही गेली कित्येक वर्षं हेच करतो. आठ-दहा चादरी घ्यायच्या, भिंतीपासून चार बोटं अंतर सोडून दोरीवर चुण्या पाडून टांगायच्या. बेसला त्यानं फरक पडत नाही, त्यासाठी सब-वूफरची जागा बदलावी लागते. पण वरचा कर्कशपणा उतरतो, भटजींचे मंत्र कळायला लागतात. इथं तर चादरी आधीच आहेत, विकतसुद्धा आणायच्या नाहीत.

दहाच्या पुढं गर्दी वाढली तसा आवाज जरा सुधारला. माणसंही कापडासारखीच, आवाज खातात.

आता दोन गोष्टी खटकलेल्या. हॅपी अवर संपला की इथं 'मिलचा भोंगा' वाजवतात. पोरं ओरडतात, मजा येते. पण तो मिलचा भोंगा नव्हे. मिलचा भोंगा वाफेचा, एकाच सुरात लांब ओढलेला. यांनी जो लावलाय तो खालून वर चढतो, वरून खाली येतो, तो हवाई हल्ल्याचा. माझे वडील त्या भोंग्यावर उठले, जेवले आणि पाळीवर गेले. त्यांना ऐकवला तर विचारतील, लढाई कुठं लागली म्हणून.

दुसरी गोष्ट हसण्यावारी नेण्यासारखी नाही. मेन्यूत 'मार्शल लॉ' नावाचं कॉकटेल आहे, ५५० रुपये, त्यात लाल सरबत. सोलापुरात मे १९३० मध्ये इंग्रजांनी मार्शल लॉ लावला. त्या प्रकरणात मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन या चौघांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्याला फाशी दिली. त्यांचे पुतळे चौकात उभे आहेत, रोज आपण तिथून गाड्या वळवतो. त्या नावाचं लाल सरबत? मॅनेजर पोरगा बाहेरगावचा. मी सांगितलं तेव्हा त्याचा चेहरा खरोखर उतरला. "काका, मला वाटलं ते नुसतं इंग्रजी नाव आहे." त्यानं ऑर्डरच्या कागदामागं लिहून घेतलं. बघू.

खाणं चांगलं आहे, पण भाव बघून घ्या. कडक भाकरीचे तुकडे आणि सोबत दह्यात कालवलेली शेंगा चटणी, ३२० रुपये. घरी हे आपण भूक मारायला खातो. तरी चटणी मिक्सरमधली नव्हती, कुटलेली होती, तेल सुटलेलं दिसत होतं. दोनदा मागवली. मटणाचं काहीतरी मागवलं होतं, ते आठवत नाही, म्हणजे ठीकच असणार. बिलात दहा टक्के सेवाशुल्क लावून आलं होतं. ते देणं आपल्या मर्जीवर असतं. सांगितलं, कुरकुर न करता काढलं.

सगळ्यात चांगली जागा मात्र खाली नाहीच. दगडी जिन्यानं वर माळवदावर जा. पिंपळ काढून, माती बदलून, वर फरशी घालून तिथं दहा-बारा टेबलं टाकलीत. चारी बाजूंना आकाश, म्हणून आवाज परत येत नाही. चार लहान स्पीकर, हळू लावलेले, आणि प्रत्येक शब्द कळतो. खाली लाखांचा साऊंड आहे, वर त्याच्या दहाव्या हिश्शाचाही नसेल, आणि खरं ऐकायला मिळतं ते वरच. उघड्यावर स्पीकर रात्री दहाला बंद करावा लागतो, तो त्यांनी दहाच्या ठोक्याला बंद केला. मग कुठूनतरी गल्लीतून यंत्रमागाची खटखट ऐकू यायला लागली. मेहुण्याचा मित्र म्हणाला, "हे पण त्यांनीच लावलंय का?" बायकोला हसू आवरेना.

निघताना मॅनेजरला चादरीचं सांगितलं. काचा काढा, दोरीवर टांगा, हवं तर मी माणूस पाठवतो, दोन तासांचं काम, पैसे नकोत. पोराला पटलं. मालकांना फोन लावला. मालकांनी मला ओळखलं, खूप जुन्या गोष्टी काढल्या, आणि मग म्हणाले, "मुंबईच्या डिझायनरला विचारावं लागेल हो."

तोपर्यंत कुणी जाणार असेल तर: जोडीला १५०० रुपये प्रवेश, त्यातले १००० खाण्यापिण्यात वळते होतात. चारचाकी गल्लीत घालू नका, परत काढताना घाम फुटतो, रिक्षानं जा. साडेआठच्या आत माळवदावरचं कठड्याकडचं टेबल धरा. आणि खालीच थांबायची वेळ आली, त्यात कुणाशी दोन शब्द बोलायचे असले, तर भिंतीपासून बरोबर सहा फुटांवर उभे राहा.