परीकथांच्या राज्यांचा नकाशा: जर्मनी झकास, अल्लादिनला मात्र चुकीच्या गावी नेऊन बसवलं

नागपुरात बर्डीवरून पोट्ट्यांसाठी हा भिंतीवर लावायचा मोठा नकाशा घेतला, ५५० रुपये, स्वस्त नाही पण वसूल आहे. खऱ्या युरोप-आशियावर गोष्टींतली राज्यं दाखवलीत, पोट्टे दिवसभर त्याच्यासमोरच उभे राहून राहिले.

जर्मनीचा भाग एकदम भारी. परीकथा गोळा करणारे ग्रिम बंधू जन्मले त्या हानाऊपासून ब्रेमेनपर्यंतचा परीकथा मार्ग लाल रेषेत काढलाय, साधारण ६०० किलोमीटर, म्हणजे इथून पुण्याला निघालो तर नगरपर्यंत पोचू एवढा. मधे हामेलन, बासरी वाजवून आधी उंदीर अन् मग पोरं घेऊन गेलेल्या बासरीवाल्याचं गाव. खाली बारीक अक्षरात छापलंय की १२८४ साली तिथून १३० पोरं गेली अशी जुनी नोंद आहे आणि उंदीर तर गोष्टीत सोळाव्या शतकात घुसले, तरण्या लोकांना पूर्वेकडे नवीन वस्ती करायला कोणीतरी नेलं असावं असा एक अंदाज आहे. हे वाचून मीच तिथं अडकलो ना बाप्पा, आणि पोरगी विचारते, मग उंदीर काहून घातले बाबा?

नॉयश्वानस्टाइनचा किल्लाही आहे, डिस्नेलँडच्या किल्ल्यामागची प्रेरणा तो. दिसतो हजार वर्षं जुना, पण बव्हेरियाच्या दुसऱ्या लुडविगनं काम सुरू केलं १८६९ ला, आपल्या नागपुरात रेल्वे त्याच्या दोन वर्षं आधी येऊन बसली होती! हे वर्ष नकाशावर द्यायला पाहिजे होतं, नाही दिलं.

आता घोळ. अल्लादिन अरबस्तानात उंटावर बसवलाय, सिनेमा पाहून काढला असेल. हान्ना दियाब नावाच्या अलेप्पोच्या माणसानं १७०९ मधे पॅरिसला गालाँला, म्हणजे 'अरेबियन नाइट्स' फ्रेंचमधे आणणाऱ्याला, ही गोष्ट सांगितली आणि त्यात अल्लादिन राहतो चीनमधे. चीनच्या जागी यायनं नुसता ड्रॅगन काढून ठेवलाय.

आणि भारतात काय, तर एक हत्ती, बस. अरे आपल्या गोंड राजा बल्लाळशाहाची गोष्ट घ्या ना, झरपट नदीच्या पाण्यानं राजाचं दुखणं बरं झालं, मग सशानं कुत्र्याचा पाठलाग केला तिथं किल्ला बांधला, चांदा, म्हणजे आजचं चंद्रपूर, उभं राहिलं. किल्ल्याचा परकोट अजून आहे तिथं, गाडी काढली की दुपारपर्यंत पाहून होते.

कागद पातळ आहे, लॅमिनेशन करूनच लावा. आठ-दहा वर्षांच्या पोरांसाठी घ्या, त्याहून लहान असतील तर नुसता ड्रॅगनच पाहतील. पाचपैकी साडेतीन.