गिटारच्या साच्यासाठी एमडीएफ की मरीन प्लाय?

ड्रेडनॉट, म्हणजे मोठ्या अंगाच्या अकूस्टिक गिटारचा बाहेरचा साचा करायला घेतला की हा प्रश्न येतोच. हा साचा दोन अर्ध्यांचा असतो, आणि प्रत्येक अर्धा शीटचे थर एकावर एक चिकटवून होतो. घाटावर, पुण्या-सोलापुराकडे काम करणाऱ्याला मी एमडीएफपासून, म्हणजे लाकडाचे बारीक तंतू दाबून केलेल्या शीटपासून, अडवणार नाही. स्वस्त पडतो, सपाट असतो, राऊटर (फिरत्या पात्याने कड घडवणारं यंत्र) सुरळीत फिरतो आणि कड गुळगुळीत निघते. मालवण-रत्नागिरीच्या पट्ट्यात मात्र माझा कल प्लायकडे आहे, आणि त्याला कारण ओल्या पट्ट्या.

गिटारच्या बाजूच्या लाकडी पट्ट्या दोन-सव्वादोन मिलिमीटरच्या. गरम पाइपवर वाकवल्या की ओलसर असतानाच त्या साच्यात जातात आणि तिथेच वाळतात, नाहीतर बाक सुटतो. पावसाळ्यात आपल्याकडे हे वाळणं दिवसचे दिवस रेंगाळतं. तेवढा वेळ ओली पट्टी साच्याच्या आतल्या भिंतीला टेकून असते, आणि ती भिंत म्हणजे एमडीएफची कापलेली कड. शीटचा वरचा पृष्ठभाग दाबून घट्ट झालेला असतो, कापलेली कड मात्र पाणी ओढते. मग बोट फिरवलं की थरांच्या जोडांवर उंचवटे लागतात, कमरेपाशी, म्हणजे गिटारचं अंग आत वळतं तिथे, भिंत केसाळ होते. एकदा फुगलेला एमडीएफ वाळला तरी मूळ मापावर येत नाही. कडेत मारलेल्या स्क्रूंची पकड जाते, दोन्ही अर्धे मध्यरेषेवर किंचित उघडतात आणि मान जोडायचा आतला ठोकळा मध्यावर बसत नाही. कडेला सीलर, म्हणजे छिद्रं बुजवणारा लेप, दिला तर हे लांबणीवर पडतं. माझ्या अनुभवात थांबत नाही.

प्लायलाही दुखणी आहेत. आतल्या थरात पोकळी असली तर राऊटरच्या पात्याला वाट दाखवत कडेवर फिरणारं बेअरिंग त्यात घसरतं, आणि पुढचा थर तोच खड्डा हुबेहूब उचलतो. म्हणून राऊटर लावण्याआधीच पोकळी इपॉक्सी आणि लाकडाच्या भुशाने भरून घ्यावी. कमरेच्या वळणावर लाकडाची रेषा उलटते, तिथे चिपा उडतात. जिगसॉने रेघेबाहेर दोनच मिलिमीटर ठेवा आणि राऊटर थोडा थोडा खाली उतरवा.

माप सोपं आहे. अंग 508 मिलिमीटर लांब आणि खाली 397 रुंद धरलं, तर 600 बाय 250 चे आठ तुकडे लागतात, म्हणजे 18 मिलिमीटर प्लायची अर्धी शीट, 4 बाय 4 फुटांची. चार थर चिकटवले की 72 मिलिमीटर उंची मिळते. राऊटरला आकार दाखवणारा नमुना मात्र 6 मिलिमीटर एमडीएफचाच करा. तो ओल्या लाकडाला कधी लागत नाही आणि त्याच्या कडेत पोकळी नसते. दोन्ही अर्धे स्क्रूऐवजी आरपार बोल्टने जोडा. आतल्या भिंतीला सीलरचे दोन हात आणि वर मेण दिलं की गळलेला फेविकॉल चिकटत नाही.

रेडियस डिशसाठी, म्हणजे गिटारच्या पाठीला किंचित बाक देणाऱ्या खोलगट गोल पाटासाठी, मी अजूनही एमडीएफच वापरतो, कारण प्लाय तिथे बाक धरतो. 24 इंची डिश पाठीच्या 15 फूट त्रिज्येसाठी मध्यावर साधारण 10 मिलिमीटर खोल लागते. सीलर दोन्ही बाजूंना सारखाच द्या, एकाच बाजूला दिला तर डिश वाकते.

प्लाय घेताना आयएस 710 चा, म्हणजे मरीन प्लायच्या भारतीय मानकाचा, शिक्का पाहा. एमआर (मॉइश्चर रेझिस्टंट) ग्रेडचा नको, त्याचा गोंद ओल फार सोसत नाही. आणि शिक्क्यावर विसंबू नका, दुकानात कापलेली कड उजेडात धरा. एखाद्या फटीत आगकाडी सहज जात असेल, तर दुसरी शीट मागा.