सुपरमॅन रिटर्न्स: पाच वर्षांच्या गैरहजेरीचा जाब कोण विचारणार?

ब्रायन सिंगरचा 'सुपरमॅन रिटर्न्स' (२००६) बघण्याआधी क्रिस्टोफर रीव्हचे १९७८ आणि १९८०चे दोन्ही सुपरमॅनपट बघून घ्या. कथा त्यांचाच धागा पुढे नेते, पण सोयीपुरताच. १९८०च्या चित्रपटाच्या शेवटी सुपरमॅन एका चुंबनासरशी आपल्या प्रेयसीच्या, पत्रकार लोइसच्या मनातली दोघांच्या नात्याची आठवण पुसून टाकतो, तेही तिला न विचारता. इथे तिला त्याच्यापासून झालेला मुलगा आहे. मग तिला नेमकं काय आठवतंय? पटकथा याबद्दल अवाक्षर काढत नाही.

क्रिप्टन या आपल्या मूळ ग्रहाचे अवशेष सापडल्याचं कळल्यावर सुपरमॅन पाच वर्षं निघून जातो. जन्मभूमीची ओढ समजू शकते, निरोपाचा एक शब्दही न बोलणं नाही. शिवाय त्याच काळात खलनायक लेक्स ल्यूथरच्या अपिलात साक्षीला तो हजर नसतो, म्हणून ल्यूथर सुटतो. पुढे तो समुद्रातून क्रिप्टोनाइट (सुपरमॅनला घातक असलेलं खनिज) भरलेला भूखंड वर आणतो, त्याचं मूळ या गैरहजेरीत आहे. प्रेमातला आणि कर्तव्यातला कसूर एकाच चुकीतून निघतो, ही केवढी भक्कम कल्पना! ती दोन-चार संवादांत गुंडाळून टाकली आहे.

परतल्यावर तो रात्री लोइसच्या घराबाहेर तरंगत भिंतीपार बघतो, तिचं आणि तिचा जोडीदार रिचर्डचं खासगी बोलणं ऐकतो. संगीत आणि छायाचित्रण या प्रसंगाला विरहाचा हळवा रंग देतात. पण ही पाळत आहे, आणि चित्रपटाला ते जाणवत नाही, हा दिग्दर्शनाचा दोष. गच्चीवरून आकाशात नेल्यावर तो तिला म्हणतो की जगाला तारणहार नको असं तू लिहिलंस, पण मला रोज लोकांच्या हाका ऐकू येतात. संवाद सुंदर आहे. मात्र त्या पाच वर्षांतल्या हाकांचं काय, हे पुलित्झर हा पत्रकारितेतला मानाचा पुरस्कार मिळवलेल्या लोइसनं तिथेच विचारायला हवं होतं. तो नंतर माफी मागतो, तेवढ्यावर प्रकरण मिटतं.

कोसळणारं विमान बेसबॉलच्या मैदानात अलगद टेकवण्याचा प्रसंग अव्वल आहे. ब्रँडन राउथचा क्लार्क, म्हणजे सुपरमॅनचं सामान्य माणसाचं रूप, छान अवघडलेला आहे. १५४ मिनिटं मात्र जास्त होतात, विशेषतः रुग्णालयाचा भाग.

खरं लक्षात राहतो तो जेम्स मार्सडनचा रिचर्ड. बुडत्या बोटीवरच्या लोइस आणि तिचा मुलगा जेसन यांच्यासाठी तो स्वतःचं विमान घेऊन धावतो, मुलाला जीव लावतो, आणि जखमी सुपरमॅनला वाचवायला विमान परत वळवतो. कोणतीही शक्ती नसताना. जेसनचा बाप कोण हे लोइस बेशुद्ध सुपरमॅनच्या कानात सांगते. शेवटी सुपरमॅन मुलाच्या उशाशीही जाऊन येतो. रिचर्डला मात्र अखेरपर्यंत कोणीच काही सांगत नाही.