शॉक, स्ट्रट, स्प्रिंग: गाडी खाली बसवायची की मूळ उंचीवर ठेवायची?

सस्पेन्शन गेलंय हे मालकाला सगळ्यात शेवटी कळतं, कारण ते रोज थोडं थोडं जातं आणि आपल्याला रोज थोडी थोडी सवय होते. माझ्या बीएमडब्ल्यू ई46 330आयच्या (जुनी 3 सिरीज) बाबतीत भाऊ दोन दिवस गाडी घेऊन गेला, चावी टेबलावर टाकली आणि म्हणाला, "ही गाडी आहे का होडी?" तोपर्यंत मी फेंडर दाबून बघायचो, एकदा उठून थांबते ना, मग ठीक आहे म्हणायचो. त्या टेस्टवर फार विसंबू नका. हाताच्या जोरावर शॉकअप जेमतेम हलतो, खरा थकवा दिसतो तो वेगात लांब चढउतारावर, गाडी एकदा झुलली की परत झुलते आणि स्टिअरिंग मध्येच हलकं लागतं.

तर आता बदलायचंच ठरलंय असं धरतो. अशा जुन्या पण जोरकस गाडीला खरे रस्ते दोनच. एक म्हणजे मोनोट्यूब (एकाच नळीत तेल आणि दाबाखालचा गॅस असलेले) शॉक आणि वर तीसेक मिलिमीटर खाली आणणाऱ्या लोअरिंग स्प्रिंगा, आणि दुसरा म्हणजे कंपनीच्याच उंचीच्या नव्या स्प्रिंगा आणि रिबाउंड (दाबलेला शॉक परत उघडतानाचा अडसर) अ‍ॅडजस्ट होणारे शॉक. मी एकाच गाडीवर दोन्ही करून बसलोय, मध्ये दोन वर्षांचं अंतर, टायर-रिम त्याच. कॉइलओव्हर (शॉकवरच स्प्रिंग आणि उंची बदलायला आट्याची कॉलर, असा संच) मित्राच्या गाडीत भरपूर चालवलीत, ट्रॅकवर मजा आहे, पण रोजच्या गाडीला ती कॉलर चिखलात जाम झाली की अ‍ॅडजस्टेबल हा शब्द फक्त बॉक्सवर उरतो. आणि साधे कंपनीचेच शॉक परत टाकणं (झाक्स किंवा बिलस्टाइन बी4 त्या जातीचे) यात चूक काहीच नाही, गाडी विकायची असेल किंवा शांत चालवायची असेल तर तेच करा आणि पुढचं वाचूच नका.

पहिल्या खेपेला मी खाली बसवली. खोटं कशाला बोलू, दिसण्यासाठी. चाक आणि फेंडरमधली ती फट मला कधीच आवडली नव्हती. शॉक नीट निवडले होते, लहान स्ट्रोकचे, म्हणजे बिलस्टाइनमध्ये बी6 आणि बी8 असा जो फरक असतो ना तोच, बी6 मूळ उंचीच्या स्प्रिंगेसाठी आणि बी8 आखूड, खाली आणलेल्या गाडीसाठी. हे बघितल्याशिवाय लोअरिंग स्प्रिंग जुन्या शॉकवर चढवू नका, शॉक कायम खालच्या टोकाला काम करतो आणि लवकर मरतो. पहिला महिना तर मी विनाकारण गाडी बाहेर काढायचो. स्टिअरिंग वळवलं की नाक लगेच आत, ब्रेक मारला तर डुबकी नाही, आणि पार्क करून चार पावलं गेल्यावर मागे वळून बघायचं ते वेगळंच.

मग आरसा सुरू झाला.

आतला, मधला आरसा. गुळगुळीत रस्त्यावर काही नाही, पण काँक्रीटचे जोड किंवा बारीक लहरी असलेला रस्ता आला की आरशातलं चित्र थरथरायचं, मागच्या गाडीचे दोन हेडलाइट चार दिसायचे आणि ती ट्रक आहे की कार हेच कळायचं नाही. आधी वाटलं आरशाची दांडी सैल आहे, ती घट्ट केली. मग बॅलन्सिंग करून घेतलं, टायरमधली हवा कमी करून बघितली, कागदाची घडी करून दांडीच्या बुडाशी खोचली, तिनं दोन दिवस बरं वाटलं किंवा मी तशी समजूत करून घेतली. व्हील बेअरिंगसुद्धा तपासून झाले. सगळं ठीक. शेवटी एका रात्री चार तास सलग चालवताना लक्षात आलं की मी मागे बघणंच सोडून दिलंय, लेन बदलायची तर बाजूच्या आरशावर आणि देवावर भरवसा. तेव्हाच ठरलं, हे काढायचं. माणसाला खणखणीत गाडी सहन होते, कमरेला सवय होते, पण आरशातलं चित्र सतत थरथरतंय ही गोष्ट डोक्यात जाते ती जातेच.

आता हे मोजमाप नाही हे मला कळतं. कदाचित माझ्या आरशाची दांडीच नाजूक असेल, तुमच्या गाडीत असं होणारही नाही. आणि मोनोट्यूब वाईट असं मी मुळीच म्हणत नाही, बिलस्टाइननं 1957 पासून मर्सिडीजला ते दिले, गॅस आणि तेल वेगळं असल्यामुळे तापल्यावरही फेस होत नाही आणि जोरात चालवणाऱ्याला तेच हवं असतं. फक्त त्यांच्यात गॅसचा दाब जास्त, सील घट्ट, त्यामुळे अगदी बारीक हालचालीला ते थोडे अडून बसतात असा माझा अनुभव, आणि त्यात स्प्रिंग कडक आणि प्रवास कमी. तो कमी प्रवासच खरा चोर आहे असं मला आता वाटतं. तीस मिलिमीटर खाली आणली म्हणजे वर जायची तीस मिलिमीटर जागा तुम्ही आधीच खर्चून टाकली, मग मध्यम खड्ड्यातही गाडी बंप स्टॉपवर जाऊन बसते आणि त्या क्षणी तुमची स्प्रिंग म्हणजे तो रबराचा गोळा. वळणाच्या मधोमध खळगा आला की मागचं चाक टुणकन बाजूला सरकायचं ते यामुळेच.

अजून एक गोष्ट, जी मला आधी कुणी सांगितली नाही. पुढे मॅकफर्सन स्ट्रट (शॉक आणि स्प्रिंग एकाच खांबात, खाली एक आर्म) असलेल्या गाडीत खाली आणल्यावर खालचा आर्म उलट्या दिशेनं कलतो आणि रोल सेंटर, म्हणजे वळणावर गाडी ज्या बिंदूभोवती झुकते तो, गाडीचा गुरुत्वमध्य जितका खाली येतो त्यापेक्षा जास्त खाली घसरतं. म्हणजे वजन खाली आलं म्हणून आपण खूश, पण वळणावर झुकवणारा पल्ला उलट वाढलेला, मग ती कडक स्प्रिंग निम्मी ताकद तो वाढलेला झुकाव रोखण्यातच घालवते. दिसायला मात्र खाली छानच दिसते, ते मी आजही कबूल करतो.

दुसऱ्या खेपेला पिवळ्या कोनी (वर सांगितलेले रिबाउंडचे स्क्रूवाले शॉक) घेतल्या, आणि मूळ उंचीच्या स्प्रिंगा. जुन्या स्प्रिंगा मी जपून ठेवल्या होत्या, त्याच परत टाकायच्या विचारात होतो. धुवायला घेतल्या तर पुढच्या एकीच्या अगदी खालच्या वेढ्याचा बोटभर तुकडा गायब. कधी तुटला देव जाणे, इतकी वर्षं गंजत होती, आणि खालच्या खोबणीत बसलेली असल्यामुळे गाडीखाली वाकून बघितलं तरी दिसत नाही. म्हणून सांगतो, शॉक करताय तर स्प्रिंग हातात घेऊन दोन्ही टोकं बघा. आणि एक गैरसमज सगळीकडे असतो की जुनी स्प्रिंग "मऊ" होते. होत नाही. ती बसते, म्हणजे उंची हरवते, पण कडकपणा तारेची जाडी, वेढ्याचा घेर आणि वेढ्यांची संख्या यावर असतो आणि त्यातलं काही बदललेलं नसतं. मऊ झालेला असतो तो शॉकअप. नवा शॉक टाकला म्हणून बसलेली गाडी वर येईल ही आशा ठेवू नका, वजन स्प्रिंग उचलते. नवी घेताना चेसिस नंबर देऊनच मागवा, या गाड्यांना सनरूफ, गिअरबॉक्स वगैरेंच्या वजनाप्रमाणे वेगवेगळ्या स्प्रिंगा आहेत, अंदाजानं मागवली तर पुढून मांजर मागून उंट होतं.

कोनीचा स्क्रू फक्त रिबाउंड बदलतो, दाबताना काही फरक पडत नाही. मी पूर्ण मऊवर सुरुवात केली, आठवडाभर चालवली, मग पुढे अर्धा फेरा घट्ट, मागे हात लावला नाही. बस. गाडी उठते, बसते, संपलं. आणि आरसा स्थिर. पहिल्या रात्री त्याच काँक्रीटच्या रस्त्यावर मागच्या गाडीची अख्खी नंबर प्लेट, उलटी का होईना, वाचता आली आणि मी एकटाच हसलो.

तोटे आहेतच. फट परत आली. मित्र म्हणाला, "काय बदललंस, काहीच दिसत नाही," आणि ते खरं होतं. आत जाताना नाक पूर्वीइतकं झटकन वळत नाही, सपाट ट्रॅकवर खाली बसवलेलीच पुढे जाईल यात मला शंका नाही. शिवाय स्क्रू आहे म्हटल्यावर हात शिवशिवतात, मी एकदा मागे-पुढे दीड फेरा घट्ट केलं तर लागोपाठच्या खड्ड्यांवर गाडी वर यायलाच वेळ मिळेना, दर खड्ड्याला अजून खाली दबत गेली, म्हणजे स्वतःच्या हातानं परत तीच कटकट. आणि मागवायच्या आधी दोन गोष्टी विचारून घ्या. काही गाड्यांत कोनीचा मागचा शॉक उतरवून पूर्ण दाबल्याशिवाय फिरवताच येत नाही, आणि काही जुन्या गाड्यांना पुढे अख्खा स्ट्रट न मिळता नुसता इन्सर्ट (जुन्या नळीत घालायचा शॉक) मिळतो, त्यासाठी जुन्या स्ट्रटची नळी कापावी लागते.

काहीही निवडलंत तरी टॉप माउंट, बंप स्टॉप, डस्ट कव्हर आणि स्प्रिंगेखालचे रबर नवेच टाका. ई46 असेल तर मागच्या शॉकची वरची माउंटही, ती जुनी ठेवली तर नव्या शॉकचं श्रेय खडखडाट घेऊन जातो. दांड्याचा नट गनने फिरवू देऊ नका, दांडा आतल्या आत फिरून सील खराब होतो, तो षटकोनी चावीनं धरून हातानं आवळायचा. आणि खालचे बुशवाले बोल्ट गाडी हवेत लटकत असताना घट्ट करायचे नाहीत, चाकं जमिनीवर, पूर्ण वजन आल्यावर, नाहीतर बुश कायम पिळलेला राहतो आणि वर्षभरात फाटतो. माझ्या मेकॅनिकला हे दोनदा सांगावं लागलं, दुसऱ्यांदा मी स्वतः गाडीखाली सरपटलो.

अलाइनमेंट मात्र लगेच नको. दोनशे-तीनशे किलोमीटर चालवून स्प्रिंग तिच्या जागी बसू द्या आणि मग करा. झेनॉन दिवे असतील तर मागच्या आर्मवरच्या सेन्सरची काडी परत जोडली आहे ना तेवढं बघा. माझी तीन दिवस लटकत होती आणि समोरचे सगळे मला अपर मारत होते.