सीओपीडीसाठीचा व्यायाम: केंद्रात जाऊन करावा की घरी?

सीओपीडी म्हणजे श्वासनलिका कायमच्या अरुंद होऊन धाप लागणारा फुप्फुसांचा जुनाट आजार. त्याच्याबरोबर काही वर्षे काढलेल्या माणसाला पंपाबद्दल (इनहेलरबद्दल) नव्याने काही सांगावे लागत नाही. कोणता पंप सकाळी, कोणता रात्री, घेतल्यावर चूळ का भरायची, हे अंगवळणी पडलेले असते. डॉक्टरांनी "आता पल्मनरी रिहॅब सुरू करा", म्हणजे फुप्फुसांच्या रुग्णांसाठी आखलेला व्यायामाचा कार्यक्रम सुरू करा, असे सांगितलेल्या लोकांसाठी हे लिहितो आहे. पुढचा निर्णय डॉक्टर सहसा आपल्यावर सोडतात: आठवड्यातून दोन-तीनदा रुग्णालयाच्या फिजिओथेरपी विभागात जायचे, की कार्यक्रम समजून घेऊन घरी करायचा? मी दोन्ही केले आहे. माझा कल कुठे आहे ते लपवणार नाही, पण दुसऱ्या बाजूला जे खरोखर चांगले आहे तेही सांगतो.

रिहॅबचा उपयोग होतो का, हा वाद आता उरलेला नाही. जगभरच्या चाचण्या एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या २०१५ च्या आढाव्यात ६५ चाचण्या आणि ३,८२२ रुग्ण होते. सहा मिनिटांत चालता येणारे अंतर सरासरी सुमारे ४४ मीटरने वाढले होते, आणि ३० मीटरच्या आसपास वाढले की रुग्णाला तो फरक जाणवतो, असे मानले जाते. नुसत्या नेहमीच्या उपचारांशी रिहॅबची तुलना करणाऱ्या आणखी चाचण्यांची आता गरज नाही, असे त्या आढाव्याच्या लेखकांनी लिहून टाकले. वैद्यकीय संशोधनात इतके स्पष्ट वाक्य क्वचित वाचायला मिळते.

स्पायरोमेट्रीचा, म्हणजे फुंकर मारून फुप्फुसांची क्षमता मोजण्याच्या तपासणीचा, आकडा मात्र या व्यायामाने सुधारत नाही. सुधारतात ते पाय. दम लागतो म्हणून आपण कमी चालतो, कमी चालल्याने मांड्यांचे स्नायू कमकुवत होतात, आणि कमकुवत स्नायू थोड्याशा कामातही लॅक्टिक आम्ल तयार करू लागतात. ते निपटण्यासाठी शरीर जास्त श्वास मागते. आपल्याला तर आत घेतलेली हवा पुरती बाहेर टाकायलाच वेळ लागतो, त्यामुळे छाती फुगलेलीच राहते आणि धाप वाढते. रिचर्ड कॅसाबुरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९१ मध्ये हे मोजून दाखवले. रुग्णांचे दोन गट केले. एकूण काम दोघांनाही सारखेच दिले, पण एकाला जोराचा व्यायाम आणि दुसऱ्याला हलका, जास्त वेळ चालणारा. जोराचा व्यायाम करणाऱ्यांमध्ये लॅक्टिक आम्ल अधिक घटले, आणि तेच काम करताना त्यांना श्वासही कमी लागू लागला.

केंद्राच्या बाजूने सर्वात मोठा मुद्दा हाच आहे. घरी स्वतःला दम लागेपर्यंत कोण चालवतो? छातीत घरघर सुरू झाली की माणूस थांबतो, आणि ते स्वाभाविकच आहे. केंद्रात फिजिओ शेजारी उभी असते. रक्तातला ऑक्सिजन मोजणारा ऑक्सिमीटर बोटाला असतो, ऑक्सिजन हाताशी असतो. "काका, अजून दोन मिनिटं, आकडा चांगला आहे," असे ती म्हणते आणि ती दोन मिनिटे आपण चालतो. धाप लागली तरी आपण मरत नाही, हे अंगाला तिथेच पहिल्यांदा कळते. ही भीती पुस्तक वाचून किंवा मुलांनी समजावून जात नाही. केंद्रात आपल्यासारखेच आणखी चारजण असतात, त्याचेही मोल आहे. एक आजोबा घरी ऑक्सिजन लावणारे होते. ते जिन्याच्या तीन पायऱ्या चढून, ओठ मिटून सावकाश श्वास सोडत थांबायचे आणि पुन्हा चढायचे. तो श्वास मी त्यांच्याकडून शिकलो. त्याआधी दिलेल्या माहितीपत्रकातून शिकलो नव्हतो.

तरीही केंद्र माझ्याकडून निभले नाही. त्याचे कारण एकच, आणि ऐकायला अगदी किरकोळ: वेळ सकाळी साडेनऊची होती.

सीओपीडी असलेल्याला सकाळ म्हणजे काय, हे घरातल्या माणसांनाही नीट समजत नाही. रात्रभर साचलेला कफ सुटायला तास-दीड तास लागतो. पंप घेतल्यावर त्याचा असर व्हायला वेळ द्यावा लागतो. अंघोळीनंतर अंग पुसतानाच धाप लागते, शर्टाची बटणे लावायला बसावे लागते. युरोप-अमेरिकेतल्या रुग्णांच्या एका पाहणीत, दिवसातली सर्वात त्रासाची वेळ सकाळची, असे २००९ मध्ये नोंदले गेले होते. वाचले तेव्हा वाटले, हे तर आपल्यापैकी कोणीही सांगितले असते. त्या सकाळी मी हे सगळे घाईने उरकायचो, रिक्षा शोधायचो, रेल्वेचा पूल चढायचो, गर्दीत उभा राहायचो, पलीकडचा जिना उतरायचो आणि पुन्हा रिक्षा. विभागात पोचलो की पहिला अर्धा तास खुर्चीत जायचा. फिजिओ ऑक्सिमीटर लावायची, आकडा पाहून म्हणायची, "बसा काका, स्थिर होऊ द्या." आकडा स्थिर होईपर्यंत माझी वेळ संपत आलेली असायची. ट्रेडमिलवर जो वेग मला सहज जमायला हवा होता तो जमत नसे, कारण पायातले बळ पुलावरच संपलेले असे. दुपारची वेळ मागितली. दुपारी तो विभाग गुडघे आणि पाठीच्या रुग्णांसाठी होता. कोणी अडवून ठेवले नव्हते, वेळापत्रकच तसे होते.

परतीचा प्रवास वेगळाच. त्या दिवशी मी दुसरे काहीच करू शकत नसे, आणि दुसऱ्या दिवशीही फारसे नाही. आठवड्यातून दोन दिवस व्यायाम आणि चार दिवस त्याची भरपाई, असा हिशेब होऊ लागला. मग एक पाऊस, एक सर्दी, एक लग्न, आणि खेपा चुकू लागल्या.

हे माझ्या एकट्याचे नाही, हे मला ऑस्ट्रेलियातल्या मेलबर्नच्या चाचणीमुळे कळले. अ‍ॅन हॉलंड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १६६ रुग्णांवर केलेली ही चाचणी २०१७ साली 'थोरॅक्स' या नियतकालिकात आली. एका गटाने आठ आठवडे, आठवड्यातून दोनदा केंद्रात जायचे. दुसऱ्या गटाकडे फिजिओ एकदा घरी येणार आणि त्यानंतर सात आठवडे दर आठवड्याला एक फोन करणार. शेवटी सहा मिनिटांच्या चालण्यात घरचा गट मागे पडला नाही. पण माझी नजर खिळली ती दुसऱ्या आकड्यावर: घरच्या गटातल्या ९१ टक्के लोकांनी कार्यक्रम पूर्ण केला, केंद्रातल्या गटात ४९ टक्क्यांनी. मेलबर्नसारख्या शहरातही निम्म्याहून अधिक लोकांना केंद्र झेपले नाही. त्याआधी, २००८ मध्ये, फ्रान्स्वा माल्ते यांच्या गटाने कॅनडात २५२ रुग्णांवर अशीच तुलना केली होती. धापेच्या बाबतीत घरचा व्यायाम केंद्राच्या तोडीचा ठरला होता.

एक गोष्ट नीट लक्षात घ्यायला हवी, कारण आपल्याकडे नेमकी तीच गाळली जाते. या चाचण्यांमधले 'घरी' म्हणजे हातात कागद देऊन "रोज चालत जा" असे सांगून पाठवणे नव्हे. मेलबर्नच्या चाचणीत आधी सहा मिनिटांत किती चालता येते ते मोजले जायचे आणि त्यातल्या वेगाच्या ८० टक्के वेगाने चालायला सुरुवात व्हायची. निदान अर्धा तास चालण्याचे उद्दिष्ट असायचे. पाऊले मोजायचे यंत्र आणि वही असायची. हातापायांच्या ताकदीचा व्यायाम घरातल्याच वस्तूंनी व्हायचा. आणि दर आठवड्याचा तो फोन. त्या फोनवर फिजिओ हुकूम सोडत नसे. या आठवड्यात तुम्हाला काय जमवायचे आहे, हे रुग्णालाच ठरवायला लावत असे. फोन काढून टाकला तर या चाचणीचा निष्कर्ष आपल्याला लागू होत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

मी घरी करतो ते असे. वेळ अकराची. कफ सुटलेला असतो, पंपाचा असर झालेला असतो, नाश्ता जिरलेला असतो. आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर पार्किंगची सरळ वाट आहे; ती मोजून दोन्ही टोकांना खडूने रेघ मारली आहे. धाप शून्य ते दहामध्ये मोजायची जी बोर्गची पट्टी फिजिओने दिली, तिच्यावर चार ते सहाच्या दरम्यान राहायचे. म्हणजे बोलता येते, पण लांबलचक वाक्य नाही. ऑक्सिमीटर ८८ च्या खाली गेला की थांबायचे, असे मला सांगितले आहे. तुमचा आकडा तुमच्या डॉक्टरांकडूनच घ्या. मग घरी येऊन हात न टेकता खुर्चीतून उठ-बस आणि लिटरभर पाण्याच्या बाटल्या उचलणे. पावसाळ्यात आणि दिवाळीच्या धुरात खाली न जाता घरातल्या घरात. दर आठवड्याला फोन येतो. त्यासाठी मी आधी फिजिओला विनंती केली. विभागात तशी पद्धत नव्हती, पण त्यांनी आनंदाने मान्य केले.

पायात बळ आल्याचे मी मीटरमध्ये सांगू शकणार नाही. भाजीची पिशवी घेऊन दुसऱ्या मजल्यापर्यंत मी आता मधल्या वळणावर एकदाच थांबतो, आणि बटणे उभ्याने लावतो.

घरच्या व्यायामाची कमजोरीही तितकीच खरी आहे. जोर कमी पडतो. फोन आला नाही त्या आठवड्यात मी रेघेपर्यंत न जाता अलीकडूनच वळतो, हे मला माहीत आहे. कॅसाबुरींचा मुद्दा इथे लागू पडतो, आणि म्हणूनच ज्यांचे केंद्र घराजवळ आहे, लिफ्ट आहे, सोडायला-आणायला कोणी आहे आणि वेळ सोयीची मिळते, त्यांनी केंद्रच निवडावे, असे मी मनापासून म्हणेन. हृदयविकार सोबत असेल, चालताना ऑक्सिजन झरकन उतरत असेल, किंवा धापेची भीती इतकी असेल की माणूस खोलीबाहेर पडत नाही, तर सुरुवात तरी केंद्रातच व्हावी.

आणि रुग्णालयातून नुकतेच घरी आला असाल तर आपल्या मनाने काहीच सुरू करू नका. इंग्लंडमध्ये लेस्टरच्या संशोधकांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या चाचणीत ३८९ रुग्णांपैकी एका गटाचा व्यायाम रुग्णालयात दाखल झाल्यापासून ४८ तासांच्या आत सुरू केला आणि नंतर तो घरी, देखरेखीशिवाय चालू ठेवला. पुन्हा दाखल व्हावे लागण्याचे प्रमाण कमी झाले नाहीच, उलट वर्षभरातले मृत्यू त्या गटात जास्त निघाले. कारण स्पष्ट झाले नाही. दुसऱ्या बाजूला अमेरिकेतल्या मेडिकेअर या ज्येष्ठांसाठीच्या सरकारी आरोग्य विम्याच्या १,९७,३७६ रुग्णांच्या नोंदींवरून २०२० मध्ये असे दिसले की घरी सोडल्यापासून ९० दिवसांत रिहॅब सुरू करणाऱ्यांमध्ये मृत्यू बरेच कमी होते. तिथे चिठ्ठ्या टाकून गट केलेले नव्हते, त्यामुळे मुळात धडधाकट असलेलेच रिहॅबला गेले असण्याची शक्यता राहतेच. दोन्ही वाचून मी एवढेच घेतले: आजार अचानक बळावून गेल्यानंतर कधी सुरू करायचे हे डॉक्टरांनी ठरवायचे, आणि सुरुवात कोणाच्या तरी नजरेखाली करायची.

व्हिडिओवरून करायच्या रिहॅबबद्दल फारसे लिहीत नाही. संशोधन त्याच्या बाजूनेच आहे. २०२३ च्या अमेरिकन थोरॅसिक सोसायटीच्या मार्गदर्शक सूचनांमध्ये केंद्र किंवा दूरस्थ रिहॅब यांतला पर्याय रुग्णाला द्यावा असे म्हटले आहे. ज्यांना जमते त्यांनी जरूर करावे. मला साधा फोन पुरतो.

आपल्याकडच्या वाचकाने आणखी एक लक्षात ठेवावे. मेलबर्न आणि कॅनडाचे रुग्ण बहुतेक सिगारेट ओढलेले किंवा ओढणारे. पुण्याचे संदीप साळवी आणि लंडनचे पीटर बार्न्स यांनी २००९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये लिहिले, ते न ओढणाऱ्यांच्या सीओपीडीबद्दल. त्यात चुलीच्या धुराचा वाटा मोठा आहे. आयुष्यभर चुलीपुढे बसलेल्या बाईला केंद्र की घर असा पर्यायच नसतो, कारण तालुक्याच्या गावी केंद्रच नसते. तिच्यासाठी फोन करणारी फिजिओ मिळाली तर ती सोय नव्हे, तोच एकमेव उपचार ठरेल. भारत, श्रीलंका, युगांडा आणि किरगिझस्तानात लेस्टरच्या सहकार्याने कमी खर्चाच्या रिहॅबवर जे काम झाले, त्यात पुणेही आहे, याचे मला फार समाधान वाटते.

मेलबर्नच्या चाचणीतली एक गोष्ट मात्र दोन्ही बाजूंना सारखीच लागू होते: वर्षभराने दोन्ही गटांचा फायदा ओसरला होता. म्हणून आठ आठवडे कुठे करायचे याइतकेच महत्त्वाचे आहे ते नवव्या आठवड्यात काय करायचे. माझ्यापुरते उत्तर पार्किंगच्या वाटेने सोपे झाले, कारण नवव्या आठवड्यातही ती तिथेच होती.

तुम्ही ठरवायला बसाल तेव्हा फिजिओकडे या गोष्टी मागून घ्या: सुरू करण्यापूर्वी सहा मिनिटांच्या चालण्याची चाचणी, पहिले तीन-चार वेळा तिच्या समोर व्यायाम, म्हणजे किती धाप चालेल ते अंगाला कळेल, घरी चालायचा वेग आकड्यात लिहून, आठ आठवड्यांनी पुन्हा तीच चाचणी. आणि फोनचा वार व वेळ तिच्या वहीत लिहून घेतल्याशिवाय तिथून उठू नका.