काळ्या गाडीवरची जाळी, डीए मशीन आणि अल्टिमेट कंपाउंड

आमची काळी होंडा सिटी 2015 ची. सोसायटीत गाड्या पुसणारे काका एकाच बादलीत फडकं पिळून सगळ्यांच्या गाड्यांवरून फिरवतात. इतक्या वर्षांत रंगावर बारीक ओरखड्यांची अशी जाळी धरली की उन्हात बॉनेट राखाडी दिसायचं. मध्यंतरी एका दुकानात पॉलिशला दिली, तर त्यांनी रोटरी मशीन (पॅड नुसतं गोल फिरवणारं) दाराच्या कडेवर धरून ठेवलं आणि तिथला क्लिअर कोट, म्हणजे रंगावरचा पारदर्शक थर, उडवला. बोटभर रुंद निस्तेज पट्टा राहिला. फार जिवाला लागलं ते. तेव्हाच ठरवलं, आता गाडी दुसऱ्याच्या हातात द्यायची नाही.

15 मिलिमीटर ऑर्बिटचं (पॅडच्या हेलकाव्याचं माप) डीए, म्हणजे ड्युअल अ‍ॅक्शन, पॉलिशिंग मशीन घेतलं. यात पॅड गोल फिरता फिरता हेलकावतं, त्यामुळे एका जागी उष्णता साठत नाही, आणि जास्त दाबलं तर फिरणंच थांबतं. नवख्या माणसाला हा मोठा आधार आहे. पॅड ज्यावर चिकटतं त्या बॅकिंग प्लेटच्या कडेला मार्करने एक रेघ मारून ठेवा. रेघ पुसट दिसली म्हणजे पॅड फिरतंय, स्पष्ट दिसली की ते नुसतं थरथरतंय. बंपरच्या वळणावर माझं सारखं थांबायचं; तिथे दाब कमी करून पॅड सपाट टेकवायला शिकावं लागलं.

सोबत मॅग्वायर्सचं अल्टिमेट कंपाउंड (ओरखडे घासून काढणारं पॉलिश) वापरलं, आणि त्यावर मी खरंच खूश आहे. पॅडवर चार-पाच थेंब, दीड-दोन फुटांचा चौकोन, आधी आडवं मग उभं, अगदी सावकाश. पहिला चौकोन पुसून टॉर्च मारला तेव्हा जाळी गेलेली आणि दिव्याचा ठिपका स्वच्छ दिसला. बायकोला खाली बोलावून दाखवला. खोल ओरखडे मात्र तसेच आहेत, आणि ते काढायच्या नादी मी लागलो नाही. क्लिअर कोट साधारण 40-50 मायक्रॉनचा असतो, म्हणजे केसापेक्षाही पातळ. एकदा घासला की परत येत नाही.

मशीनपेक्षा जास्त वेळ तयारीत जातो. धुऊन झाल्यावर हातात पातळ प्लास्टिकची पिशवी घालून बोटं फिरवली तर सगळीकडे खरखर लागली. क्ले बारने (रंगात रुतलेली घाण ओढून काढणारी मऊ मातीसारखी वडी) ती काढली नसती तर तीच घाण पॅडखाली घासली गेली असती. काळ्या प्लास्टिकवर मास्किंग टेपही लावा. मी आरशाखाली विसरलो, तिथले पांढरे डाग टूथब्रशने काढत बसलो. काम सावलीत आणि सकाळी लवकर करा. पत्रा तापला की कंपाउंड पॅडवरच सुकतं.

शेवटी आयपीएने (आयसोप्रोपिल अल्कोहोल) पॉलिशचं तेल पुसून टर्टल वॅक्सचं सिरॅमिक स्प्रे कोटिंग मारलं. चमक पॉलिशनेच आली होती, याने त्यात फार भर पडली नाही. पण आमच्याकडे बोअरचं जड पाणी, थेंब सुकला की पांढरा डाग बसतो. आता पाणी गोळा होऊन घरंगळतं, म्हणून हे परत घेणार.

दाराच्या त्या पट्ट्याला मशीन लावलं नाही, तिथे रंगच द्यावा लागेल. काकांना आता फक्त काचा पुसायला सांगितलंय, पैसे तेवढेच देतो.